बाबांच्या प्रश्नाला उत्तर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, लुटीची रीत टप्प्याटप्प्यानं बदलत गेली, असं मी फोनवर म्हटलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आधी शेठ लुटायचा, आता कंपनी लुटते. त्यात टप्पे कसले पाडता?" हे काही मला पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्या इंदूरचंच घ्या. गिरण्यांआधी इथे अफूचा पैसा खेळायचा. बंगालसारखी सरकारी मक्तेदारी माळव्यात नव्हती. सावकार शेतकऱ्याला उचल द्यायचा, माल मुंबईमार्गे चीनला जायचा, इंग्रज वाटेत पासाचा, म्हणजे माल नेण्याच्या परवान्याचा, कर घ्यायचे. शेत, बैल, राबणं शेतकऱ्याचं. पीक बुडालं तर उचलही त्याच्याच डोक्यावर. १९०७ मध्ये चीनला होणारी अफूची निर्यात दहा वर्षांत बंद करायचं ठरलं. संस्थानची एक गिरणी आधीपासून होती, पण खाजगी गिरण्या उभ्या राहिल्या त्या याच सुमारास. अफू-कापसाच्या सट्ट्यात कमावलेले हुकुमचंद शेठही गिरणीमालक झाले.

आता पैसा यंत्रात अडकला. यंत्र थांबलं की मालकाला झळ. शिवाय हजारो माणसं एका छपराखाली आली, एकमेकांशी बोलू लागली. युनियन, संप, १९४८ च्या कारखाना कायद्यातले आठवड्याचे ४८ तास, पुढे ग्रॅच्युइटी, हे सगळं त्यातून आलं. कुणा शेठनं खुशीनं दिलं नाही. 'लूट तीच' म्हटलं की आजोबांच्या पिढीनं भांडून मिळवलेलं पुसलं जातं, आणि ते मला सहन होत नाही.

आजोबा बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, होते तेव्हा पहाटे फाटकाशी उभे राहायचे. कुणी खाडा केला तरच आत. परवा पार्सल घेऊन आलेल्या मुलानं मला मोबाईल दाखवला. दुपारभर एकच ऑर्डर. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, रिकामे तास त्याचेच. बदलीवाल्याला निदान जॉबरशी, म्हणजे माणसं कामावर घेणाऱ्या मुकादमाशी, हुज्जत घालता यायची. या मुलाला कुणाशी भांडायचं तेच ठाऊक नाही. त्याची गत गिरणी कामगारापेक्षा अफूवाल्या शेतकऱ्याशी जास्त जुळते. नवा टप्पा आला की माणूस पुढेच सरकतो, असं मला वाटत नाही.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'प्लॅटफॉर्म कामगार', म्हणजे असं अ‍ॅपवरून काम करणारा, आला, पण रिकाम्या तासांची भरपाई त्यात नाही. बाबा, तुम्ही इतकी वर्षं युनियनच्या कचेरीत बसलात. या मुलांसाठी पहिली मागणी कोणती लावाल? फोनवर नको, लिहूनच कळवा.

आई, गुडघ्यांचा शेक चालू ठेव.

तुमची,
मनू