भाटकाराचं दुखणं

फोंडा,
श्रावणी सोमवार

प्रिय शालन,

भाटकाराचं, आमच्या बोक्याचं, हृदय थकलंय. घरात कुणापाशी बोलायची सोय नाही, कारण ज्याला सांगावं तो "मांजराचं काय गे एवढं" म्हणून मोकळा होतो. फोन केला असता तर मी रडले असते, तू हसवलं असतंस, आणि मुद्द्याचं राहूनच गेलं असतं. म्हणून कागद घेतला.

आमच्या तब्येती ठीक. माझं बीपी गोळीवर, ह्यांची पाठ दर पावसाळ्यात धरते तशी धरलेली, आणि बाबा आम्हा दोघांपेक्षा ताठ. झालं.

तर त्या रात्री पावसाचा नुसता धिंगाणा, त्यात वीज गेलेली. बॅटरी घेऊन पडवीत गेले तर हा बाकाखाली, कोपरं बाहेर काढून, मान पुढे ताणून बसलेला. आणि तोंड उघडं. मांजर तोंडाने श्वास घ्यायला लागलं की सकाळची वाट बघायची नसते, एवढं मला त्याच्या मधुमेहाच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं. खोकला नाही, आवाज नाही. माणसाचं हृदय असं झालं तर तो खोकून घर जागं करतो. मांजरं ह्यात सहसा खोकतसुद्धा नाहीत, गप्प कोपरा धरतात. ह्यांनी पाठ विसरून गाडी काढली. बाणस्तारीच्या पुलावर मी पिंजऱ्यात हात घालून बसले होते आणि ह्यांना हळू चालवा म्हणत होते की जोरात, ते मलाच कळत नव्हतं.

पणजीत त्याला ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं, अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारं लॅसिक्सचं इंजेक्शन दिलं. श्वास जरा खाली बसल्यावर एक्स-रे काढला: फुप्फुसात पाणी. मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदयाची भिंत सात मिलिमीटर. सहाच्या वर गेली की जाड धरतात. स्नायू आतल्या बाजूने जाड होत गेला की रक्त भरायला जागा उरत नाही, हृदयाला नीट सैल पडता येत नाही, मागे दाब तुंबतो आणि पाणी फुप्फुसात उतरतं. वरचा डावा कप्पाही फुगलाय. नाव मोठं आहे, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. बाबांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "भाटकारालाच शोभतं, तो जमीनदार. आम्हां मुंडकारांना, त्याच्या जमिनीवर राहणाऱ्यांना, नुसती छातीत कळ येते."

नाव तूच ठेवलंस, विसरू नकोस. मला मोती हवं होतं. पिल्लू माझ्या पिशवीत घातलंस तू, नाव ठेवलंस तू, आणि पुण्याला निघून गेलीस. तेव्हापासून मी मुंडकारीण. त्यात अजून तो फक्त कोंकणीतच ऐकतो. "ये रे" म्हटलं तर कान हलवत नाही, "यो रे" म्हटलं की येतो. 87 साली फेब्रुवारीत कोंकणीला राजभाषा करणारा कायदा झाला त्या संध्याकाळी तू लाडवांचा डबा घेऊन आमच्या दारात उभी राहिलीस आणि मी, मराठीवाली, तोंडावर दार लावलं. लाडू मात्र आईने खिडकीतून घेतले, हे तुला आजवर कुणी सांगितलं नसेल. मीही दोन खाल्ले. मत बदललं नाही.

आता खरी गोष्ट. नुसता मधुमेह होता तेव्हा मला सगळं वाचता येत होतं. वाटीतलं पाणी भराभर संपलं, रेतीत लघवीचे मोठमोठे गोळे झाले, की साखर वाढली. लँटस इन्सुलिन दोन युनिट सकाळी साडेसातला, दोन संध्याकाळी साडेसातला, जेवता जेवता पाठीवरची कातडी चिमटीत धरून. कानाच्या कडेची बारीक शीर टोचून एक थेंब मीटरला. सुस्त पडला, पाय लटपटले, तर साखर उतरली असणार, हिरड्यांना मध चोळायचा. एवढं सरळ होतं.

आता लॅसिक्स सुरू आहे, चाळीसच्या गोळीची पाव, दोन वेळा. त्याने लघवी वाढते आणि तहानही. म्हणजे वाटी रिकामी झाली तर ती साखरेने की गोळीने? सुस्त आहे तो साखर उतरली म्हणून, की श्वास पुरत नाही म्हणून, की गोळीने अंगातलं पाणी नको तेवढं उपसलं म्हणून? पूर्वी साखर चढून तो सुकला की डॉक्टरीणबाई कातडीखाली सलाईन द्यायच्या आणि तासाभरात साहेब खिडकीत. आता तेच सलाईन फुप्फुसात उतरेल अशी धास्ती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जेवण. हृदयाच्या दुखण्यात भूक मरते, आणि जेवल्याशिवाय पूर्ण इन्सुलिन द्यायचं नाही. साडेसातला तो बशीकडे बघतो, मी त्याच्याकडे बघते, सिरिंज माझ्या हातात. अर्धं खाल्लं तर किती द्यायचं ते त्यांनी लिहून दिलंय. पण "अर्धं" कुणी ठरवायचं? बांगड्याचा मऊ भाग खाऊन मानेकडचा ठेवला तर ते अर्धं झालं का? तू हसतेयस, पण ह्यावर आमच्या घरात भांडण झालंय.

दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच असू शकतं, म्हणे. मेंदूखालच्या ग्रंथीत गाठ होऊन वाढीचं संप्रेरक जास्त सुटलं की साखरही बिघडते आणि हृदयही जाड होतं. पण अशा मांजरांना इन्सुलिन खूप लागतं, ह्याचं दोन युनिटवर भागतं, म्हणून ती तपासणी सध्या नको म्हणाल्या. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच घोळतंय. मागे खाज सुटली होती तेव्हा एकाने त्याला महिनाभर टिकणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं, काही न विचारता, न सांगता. ज्याचं शरीर आधीच काठावर आहे त्याचा मधुमेह आणि हृदय, दोन्ही त्याने उघड्यावर येऊ शकतात. त्यानेच झालं असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही. मीही म्हणत नाही. पण रात्री म्हणते.

रात्री मी श्वास मोजते. गाढ झोपेत मिनिटाला तीसच्या आत हवेत. छाती वर गेली, खाली आली, एक. अर्धा मिनिट मोजायचं, दुप्पट करायची. यात अडचण अशी की मी जवळ गेले की तो झोपेतच गुरगुरायला लागतो आणि मग काही मोजता येत नाही. म्हणून दारातूनच, मोबाईलचा उजेड भिंतीकडे वळवून, कुशीवरच्या त्या पांढऱ्या डागाकडे बघत. काल चोवीस. परवा अठ्ठावीस आले तेव्हा पुन्हा मोजले, पुन्हा अठ्ठावीस, आणि मग उजाडेपर्यंत तिथेच बसले. काकींच्या शेवटच्या पावसाळ्यात तू मला लिहिलं होतंस की मोजता मोजता माणूस दिसेनासा होतो, आकडाच दिसतो. ते पत्र कपाटात आहे. परवा काढून वाचलं.

आता हसण्यासारखं सांगते. बाबांनाही मधुमेह, त्यांचं इन्सुलिन मिलीला चाळीस युनिटचं, लाल टोपीची सिरिंज. ह्याचं शंभरचं, नारंगी टोपीची. अदलाबदल झाली तर अडीचपटीचा घोळ, म्हणून फ्रिजच्या दारात दोन डबे, एकावर "बाबा", एकावर "भा." मीटर मात्र एकच होतं, सुया वेगळ्या. बाबा तपासणीला गेले, त्यांच्या डॉक्टरांनी मीटरची मेमरी उघडली तर 412! ते डोस वाढवायला निघाले. बाबा शांतपणे म्हणाले, "तो मी न्हय, तो आमचो माजर." तेव्हापासून दोन मीटर. पथ्यावरून दोघांत चुरस आहे ती आहेच. एकशेऐंशी आले की बाबा त्याला शाबासकी देतात आणि स्वतः पुढची नेवरी, म्हणजे करंजी, उचलतात.

औषधाच्या दुकानातल्या पोराने बिलावर "श्री. भाटकार, वय 11" लिहिलं. क्लोपिडोग्रेल घ्यायला गेले होते, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, पंच्याहत्तरच्या गोळीची पाव. इतकी कडू की पहिल्या दिवशी तोंडाला फेस आणून त्याने ती माझ्या लुगड्यावर परत केली. आता रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरून, लोणी लावून घालते. शेजारच्या रोझालिनने पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीच्या, डब्यातला खारा बांगडा कुंपणावरून द्यायचा बंद करावा म्हणून तिला मिठाचं समजावून सांगितलं. तिने माझ्यापेक्षा मोठ्याने हंबरडा फोडला. मासेबंदी 31 जुलैला उठली, ताजं मिळतंय, पण आपल्या घरात श्रावण. त्याचं तेवढं मागच्या दाराशी वेगळ्या चुलीवर उकडते, मीठ न घालता. भात बंद, तो आधीपासूनच. आईने बघितलं असतं तर सोवळ्यासकट मला बाहेर काढलं असतं.

ती गुठळी, तिचंच मला भय आहे. फुगलेल्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी सुटून मागच्या पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत अडकते, पाय लुळे आणि थंड पडतात, आणि जनावर किंचाळतं. डॉक्टरीणबाईंनी हे आडपडदा न ठेवता सांगितलं आणि म्हणाल्या, तसं झालं तर काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा, त्या वेळी ठरवता येत नाही. किती दिवस, विचारलं, तर आकड्यात बांधून देणार नाही म्हणाल्या. काही मांजरं महिने काढतात, काही वर्ष ओलांडतात. हे म्हणतात तुला पटेल ते. बाबा म्हणतात त्याला विचार. तूच एकटी अशी आहेस जिने त्याला पिशवीतही बघितलंय आणि शेवटी काकींच्या बाबतीत "आता पुरे" हे शब्दही उच्चारलेत. तुला कसं कळलं? आकड्यावरून, की कशावरून? मला सरळ लिही. समजूत घालू नकोस, ती घालायला शेजार भरलेला आहे.

तुझ्या गुडघ्याचं कळलं. व्यायाम कर, चुकवू नकोस, जिना टाळ. चिन्मयच्या लग्नाचं खूप बरं वाटलं, मुलगी फोटोत गोड दिसते. मार्गशीर्षात मला यायचंच आहे, पण दोन वेळचं इन्सुलिन आणि श्वास कुणावर सोपवू? ह्यांना सुई दाखवली की हेच आडवे होतात. रोझालिन शिकायला तयार आहे. तिला आधी संत्र्यावर टोचायला देणार आहे. जमलं तर दोन दिवस येईन, रात्रीच्या बसने, आणि तुझ्या व्याह्यांसमोर मांजराचा विषय काढणार नाही.

पत्र मिळालं की फोन कर. सकाळ-संध्याकाळ साडेसातला मात्र नको, तेव्हा माझा एकही हात मोकळा नसतो.

तुझी,
सुमा

ता. क. बाबांनी लिहायला सांगितलंय की पुण्याहून बिनसाखरेचे लाडू पाठवणार असलीस तर पाठवू नकोस. साखरेचे पाठव, ते भाटकाराच्या नावावर घालतील.