रविवारी स्लॅकवर पहिलं ॲप : येण्याआधी एवढं करा

मंडळी, स्लॅक या ऑफिसच्या चॅट-ॲपसाठी आपलं पहिलं छोटं ॲप बनवायला जमायचं रविवारी सकाळी १० वाजता, नेहमीच्याच जागी, रत्नागिरीत मारुती मंदिरला. लॅपटॉप घरूनच पूर्ण चार्ज करून आणा, पावसात लाइटचा काय भरवसा.

स्लॅकवर स्वतःचं मोफत वर्कस्पेस (टीमची जागा) उघडून ठेवा. ऑफिसच्या वर्कस्पेसवर प्रयोग नकोत, ॲडमिनच्या परवानगीची वाट बघत बसाल. नवीन ॲप बनवून त्याच्या बॉटला (ॲपच्या वतीने मेसेज टाकणाऱ्या खात्याला) ‘चॅट राइट’ स्कोप, म्हणजे मेसेज लिहायची परवानगी द्या आणि इन्स्टॉल करा. पुढे स्कोप वाढवलात तर पुन्हा इन्स्टॉल करावं लागतं. ‘एक्सओएक्सबी’ने (xoxb) सुरू होणारं टोकन, म्हणजे बॉटची गुप्त किल्ली मिळेल, ते गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) चढवू नका, या ग्रुपवर तर मुळीच नको.

सॉकेट मोड चालू करा, म्हणजे ॲप तुमच्या लॅपटॉपवरूनच स्लॅकशी जोडलेलं राहतं. त्याचं टोकन वेगळं, पण सर्व्हर, डोमेन काही लागत नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही काम भागतं. स्लॅश कमांडला (‘/’ने सुरू होणाऱ्या आज्ञेला) मात्र ३ सेकंदांत ‘मिळाली’ अशी पोच द्यायची, बाकीचं मागाहून.

मी पहिल्यांदा तासभर कोड उलटापालटा केला होता. चूक काय, तर बॉटला चॅनेलमध्ये बोलावलंच नव्हतं! ‘नॉट इन चॅनेल’ दिसलं की आधी तेवढं बघा.

चहा आपल्याकडून. खाऊ ज्याने त्याने आणावा.