ब्रेक पॅडच्या आधी होज बघा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

माझी व्हॅन १८ वर्षांची, चादरींचे गठ्ठे टाकून सोलापूर-तुळजापूर चालू असते. दोन महिने झाले गाडी डावीकडं ओढायची, तेही ब्रेक न मारता, आणि घाट उतरून खाली आलं की पुढच्या डाव्या चाकाला हात लावायची सोय नाही, जळका वास तर आतपर्यंत. गॅरेजवाल्यानं दोनदा पॅड बदलले, पैसे घेतले, चार दिवसात पुन्हा तेच.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं चाक जॅकवर घेतलं. ब्रेक दाबून सोडला तरी चाक फिरंना. आधी होजच्या, म्हणजे चाकाकडं ब्रेक ऑइल नेणाऱ्या रबरी नळीच्या, वरचा लोखंडी पाईप ढिला केला, चाक गच्चच. मग कॅलिपरचा (पॅड दाबणारा चाकाजवळचा भाग) ब्लीडर निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू, पाव आटा सोडला, ऑइलची चिळकांडी उडाली अन् चाक मोकळं! म्हणजे प्रेशर मधल्या रबरी होजमध्येच अडकत होतं. निपल सोडूनही चाक सुटलं नसतं तर कॅलिपरचा पिस्टन जाम असं तो म्हणाला. होज बाहेरून एकदम नव्यासारखा दिसत होता हो, आतून फुगून बंद.

दोन्ही बाजूचे होज बदलले, ब्रेक ऑइलही. ते हवेतलं पाणी ओढतं, डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) कोरडं २०५ डिग्रीला उकळतं पण पाणी मुरलं की १४० च्या आसपासच, मग घाटात ब्रेक तापले की ऑइलमध्ये वाफ होते अन् पेडल स्पंजासारखं आत जातं. आपल्याकडं ऑइल फक्त कमी झालं की वरनं ओततात.

पासिंगच्या वेळी जुन्या गाड्यांचे होज अन् ऑइल कोण बघतं का, एवढं जरा छापा.

- एक व्हॅनवाला, सोलापूर