फोटो जरा लहान छापा, हिशोब मोठा छापा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

जगातली गरिबी हटवण्यासाठी जे मोठमोठे कॉन्सर्ट होतात ना, त्यांच्याबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. आधीच सांगते, मी असल्या कार्यक्रमांच्या विरोधात नाही. उलट इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या १९८५ च्या लाइव्ह एड कॉन्सर्टचे व्हिडिओ मी अजूनही बघत बसते. पण बघताना हल्ली एकच प्रश्न डोक्यात येतो, की दुसऱ्या दिवशी मांडव काढल्यावर पुढे काय झालं हे कोणी विचारायचं?

परवा भाचा मोबाईलवर पटापट काहीतरी दाबत होता. म्हटलं गेम चाललाय, तर नाही, एका कॉन्सर्टचं फ्री तिकीट मिळवायला ॲपवर पॉइंट जमवत होता. म्हणजे एका पिटिशनवर सही केली, कुठल्यातरी मंत्र्याला ट्वीट केलं की पॉइंट, आणि पॉइंट झाले की नाव लॉटरीत. मी विचारलं आत्ता सही कशावर केलीस रे, तर तो मागे स्क्रोल करून शोधायला लागला आणि मग म्हणाला, "मावशी, पाण्याचं होतं वाटतं. नाहीतर शाळांचं." आता हसावं का चिडावं कळेना. पण खरं सांगू का, नुसतं तिकीट विकत घेऊन नाचण्यापेक्षा हे बरंच म्हणायचं, निदान मंत्र्याच्या ऑफिसात काहीतरी जाऊन पडतं.

या सगळ्याची सुरुवात बघा कशी होती. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बांगलादेशच्या निर्वासितांसाठी रविशंकर आणि बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन यांनी एका दिवसात दोन शो केले. सतार-सरोद जुळवून झाली आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला! त्यावर रविशंकर हसत म्हणाले, की सूर जुळवणंच एवढं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे. मला हा किस्सा फार आवडतो, कारण पुढच्या पन्नास वर्षांत नेमकं हेच होत आलंय, आपण जुळवाजुळवीलाच टाळ्या देतो आणि खरं वाजवणं सुरू व्हायच्या आत उठून घरी जातो. त्या दिवशीच्या तिकिटांचे जवळपास २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले, पण रेकॉर्ड आणि फिल्मचा पैसा अमेरिकेच्या टॅक्सवाल्यांकडे वर्षानुवर्षं अडकून पडला, का, तर कार्यक्रमाआधी धर्मादाय म्हणून कागदपत्रं नीट केली नव्हती. कळकळ होती, कलाकार होते, राहिलं काय तर एक फॉर्म.

लाइव्ह एडचं वेगळंच. लंडन आणि फिलाडेल्फियात एकाच दिवशी, फिल कॉलिन्स तर इकडे गाऊन कॉनकॉर्ड या आवाजापेक्षा वेगवान, महागड्या विमानाने तिकडे जाऊन परत गायला (भुकेल्यांसाठी कॉनकॉर्ड, असो). पैसा भरपूर आला आणि त्यातून धान्य, औषधं, ट्रक गेले हे खरंच आहे. पण इथिओपियात पाऊस पडला नव्हता एवढंच नाही हो, तिथे यादवी युद्ध चालू होतं आणि सरकार लोकांना जबरदस्तीने उचलून दुसरीकडे नेऊन टाकत होतं. त्यावर बोलली म्हणून त्याच वर्षी एका फ्रेंच डॉक्टरांच्या संस्थेला देशाबाहेर काढलं. हे स्टेजवरून कोण सांगणार, दुष्काळावर गाणं होतं, युद्धावर कसं करायचं.

मग २ जुलै २००५ ला त्याच धर्तीचे लाइव्ह ८ कॉन्सर्ट. यावेळी आयोजक म्हणाले पैसे नकोत, तुमचा आवाज द्या, कारण चारच दिवसांनी स्कॉटलंडमध्ये ग्लेनईगल्सला जी-८ चे, म्हणजे आठ बड्या देशांचे, पुढारी बसणार होते. मला ही आयडिया जास्त पटते, भिकेपेक्षा मागणी बरी. एडिनबरामध्ये त्याच दिवशी दोन लाखांवर लोक गरिबी हटवा म्हणत पांढरे कपडे आणि मोहिमेचे पांढरे मनगटी बॅंड घालून रस्त्यावर उतरले. आफ्रिकेसाठी एवढं चाललेलं आणि आफ्रिकेतले बरेचसे कलाकार मात्र लंडनच्या मेन स्टेजवर नाहीत, लांब कॉर्नवॉलमध्ये, ते एक वेगळंच. आता निकाल बघा. १८ देशांची कर्जमाफी खरोखर झाली. झांबियाने पुढच्याच वर्षी खेड्यातल्या सरकारी दवाखान्यांची फी काढून टाकली, म्हणजे एखादी बाई ताप आलेलं पोर घेऊन आली तर दारातच पैसे मागणं बंद. हे छोटं नाही. पण त्याच बैठकीत २०१० पर्यंत आफ्रिकेला वर्षाला २५ अब्ज डॉलर जास्त देऊ असं जे छातीठोकपणे सांगितलं, त्यातले आले जेमतेम निम्मे. तेव्हा कुठे होता कॉन्सर्ट? कुठे होते ते पांढरे मनगटी बॅंड?

आणि ०.७ टक्क्यांचं तर विचारूच नका. श्रीमंत देशांनी उत्पन्नाचा एवढा वाटा मदतीला द्यावा हे युनोत १९७० ला ठरलं, मोजकेच देश तिथे पोचले. ब्रिटन २०१३ ला पोचला, २०१५ ला कायदाही केला, २०२१ ला ०.५ वर आणला आणि आता ०.३ करणार म्हणतात. ज्या देशात लाइव्ह एड झालं तोच हा. अमेरिकेने तर २०२५ मध्ये आपली मदत देणारी अख्खी एजन्सीच गुंडाळली.

म्हणून तुम्हाला एक विनंती. असा कार्यक्रम झाला की तुम्ही गायकाचा पाव पानाचा फोटो छापता, सोबत कोणत्या पुढाऱ्याने स्टेजवर येऊन किती कोटी डॉलर जाहीर केले ते. ते कात्रण जपून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला छापा, शेजारी चौकटीत प्रत्यक्षात किती दिले, कुठे पोचले. फार काही नाही, दोन आकडे. जागा कमी पडत असेल तर फोटो जरा लहान करा, गायक काही रागावणार नाही.

आपली,
एक नियमित वाचक