डबा चालू, कुलूप कंपनीचं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरून तीन सेट टॉप बॉक्स खाली आले. एक केबलवाल्याचा, दोन डिशवाल्यांचे. कंपनी बदलली तेव्हा तिन्ही चालू होते. तरी आज त्यांचा काडीचाही उपयोग नाही.

एसटीच्या दापोडी कार्यशाळेत मी ३१ वर्षं काढली. चासी टाटाची असो की लेलँडची, आठ मिलिमीटरच्या बोल्टला १३ नंबरचाच पाना लागायचा. त्यामुळे हे डबे बघून मला राहवेना. टेबलावर मांडून बसलो. तिन्हींचे अडॅप्टर १२ व्होल्टचे, पिनही एकाच मापाची. एकाचा अडॅप्टर दुसऱ्याला लावला, लाल दिवा लागला. गच्चीवरच्या डिशच्या छत्रीची वायर त्याच आट्यांवर घट्ट बसली. टीव्हीची एचडीएमआय वायरही बसली. सगळं बसलं आणि पडदा काळाच राहिला.

प्रत्येक कंपनीचा उपग्रह वेगळा, छत्री वळवावी लागते, हे मला कळतं. छत्री वळवणं हे माणसाचं अर्ध्या तासाचं काम आहे. पण वळवूनही चित्र येणार नाही, कारण सिग्नल कुलूपबंद येतो आणि त्याची किल्ली कंपनीनं आपल्याच डब्यात बसवलेली असते. सिग्नलला कुलूप असावं, त्याला माझी ना नाही. पैसे न भरता कुणी बघू नये हे बरोबरच आहे. पण किल्ली बदलायची म्हणून अख्खा डबा का बदलायचा?

मार्च २०१३ अखेरपर्यंत पुण्यात केबल डिजिटल करण्याचा हुकूम होता, तेव्हा पहिला डबा घेतला. पुढं केबलवाल्यानं धंदा बंद केला. मग डिश घेतली. एका पावसाळ्यात आठ दिवस चित्र नव्हतं, तक्रार करूनही कुणी फिरकलं नाही, म्हणून दुसऱ्या कंपनीकडे गेलो. जुन्या डब्याची १,६०० रुपयांची पावती माझ्याकडे आहे. परत घ्या म्हणालो तर "आम्ही जुने बॉक्स घेत नाही". पुढं दुसरी कंपनीही सोडली, तिचा डबाही माळ्यावर गेला.

पैशांपेक्षा आईचे हाल मनाला लागले. ती ८६ वर्षांची आहे, नजर अधू. आम्ही तिच्या रिमोटवर नेलपॉलिशचे ठिपके दिले होते: चालू-बंदला लाल, आवाजाला गुलाबी. सह्याद्री वाहिनीचा नंबर तिला पाठ होता. डबा बदलला की रिमोट बदलतो, आणि प्रत्येक कंपनीचे वाहिन्यांचे नंबरही वेगळे. "अरे, माझं सह्याद्री कुठं गेलं?" असं ती विचारायची आणि कुणी घरी येईपर्यंत बंद टीव्हीसमोर बसून राहायची. पुन्हा ठिपके दिले, पुन्हा नंबर पाठ करून घेतला. या वयात हे तीनदा झालं.

कंपनी बदलली तरी डबा तोच ठेवणं होऊ शकत नाही असं नाही. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलता येते, हँडसेट टाकून द्यावा लागत नाही. यूपीआय २०१६ मध्ये आलं. भाजीवाल्या मावशींच्या पाटीवरचा क्यूआर कोड कोणत्याही ॲपनं चालतो. दूरदर्शनच्या फ्री डिशला बाजारातला साधा डबा पुरतो, पण आईच्या भक्तिगीतांच्या दोन वाहिन्या पैसे भरूनच दिसतात.

दूरसंचार आणि प्रसारणाच्या 'ट्राय' या नियामक संस्थेनं एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारला शिफारस केली होती की सेट टॉप बॉक्स कोणत्याही कंपनीला चालेल असाच असावा आणि किल्लीचा भाग यूएसबीसारखा बाहेरून लावता यावा. टीव्ही संचांनाही तशी सोय असावी, हेही त्यात होतं. भारतीय मानक ब्युरोनं २०२२ साली उपग्रह ट्यूनर आतच असलेल्या टीव्हीसाठी मानक काढलं, पण त्यावर मोफत वाहिन्याच दिसणार. पैसे भरणाऱ्या ग्राहकाचा डबा त्यानं सुटत नाही.

कंपन्या म्हणतात, डबा आम्ही स्वस्तात देतो, म्हणून तो आमचाच. मग ग्राहक सोडून जातो तेव्हा आपला डबा घेऊन जा. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आज अकरा छत्र्या आहेत, त्यांतल्या सहांना खाली कुणीही जोडलेलं नाही. त्या गंजून पत्र्यावर पाणी गळतं, आणि काढण्याचा खर्च सोसायटीच्या माथी.

माहिती व प्रसारण मंत्रालयानं २०२० च्या शिफारशीला तारीख लावून ती बंधनकारक करावी. तोवर सोडलेला डबा आणि छत्री परत नेण्याची जबाबदारी कंपनीवर टाकावी, आणि डबा विकत घेतलेला असेल तर त्याचे पैसे ग्राहकाला मिळावेत. आपल्या वार्ताहरांनी मंत्रालयात एवढं जरूर विचारावं, की ती फाइल आज कोणत्या टेबलावर आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी यांत्रिक
धनकवडी, पुणे