अर्ध्या स्पंजाचे ऋण

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपल्या घरी येऊन दोनदा आभार मानण्याचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा आपण विषय बदलून चहा पुढे केलात. म्हणून जे तोंडी सांगता आले नाही, ते आज लिहून, चारचौघांसमोर सांगत आहे.

लेकीला उन्हाळ्याची सुट्टी लागली, तेव्हा आम्ही ओळखीतून तीन फुटी जुनी माशांची टाकी घेतली. टाकी गळत नव्हती, काच निर्मळ होती, आणि मासे विकणाऱ्या दुकानदाराने ‘आज पाणी भरा, आजच मासे सोडा’ असे छातीठोकपणे सांगितले. फिल्टरमधला काळपट स्पंज आम्ही नळाखाली पांढरा होईपर्यंत धुतला, कारण घाण म्हणजे रोग, एवढेच आम्हांला ठाऊक होते. आठवड्याच्या आत मॉली जातीच्या सहा माशांपैकी पाच गेले. पुन्हा दुकानात गेलो, तर निळ्या औषधाची बाटली हातावर ठेवून ‘मासेच ते, मरायचेच’ एवढे बोलून ते गृहस्थ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. लेक माझ्या मागेच उभी होती. त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आपण आलात, ते टाकीकडे पाहण्याआधी तिच्याजवळ बसलात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून माशांना विषारी असा अमोनिया तयार होतो, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेचसे निरुपद्रवी नायट्रेट करतात, त्यांची वस्ती त्या काळ्या स्पंजातच असते आणि ती नव्याने वसायला चार ते सहा आठवडे लागतात, हे आपण तिला गोष्टीसारखे सांगितलेत. क्लोरिनच्या पाण्याखाली आम्ही जे धुऊन टाकले, तोच त्या टाकीचा जीव होता. ‘तुझ्या हाताने काही झालेले नाही, बाळा’ हे आपले वाक्य ऐकून ती पाच दिवसांत प्रथमच नीट जेवली.

दुसऱ्या दिवशी, मे महिन्याच्या भर दुपारी, आपण ऑटोतून दुधाची किटली घेऊन उतरलात. आपल्या चालत्या टाकीतला स्पंज कापून त्याचा अर्धा भाग त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणला होता. किटलीवर ओला पंचा होता आणि झाकण मात्र अर्धे उघडे. हिंदकळून आपला सदरा भिजला होता. मी विचारले, तेव्हा आपण म्हणालात, ‘घट्ट लावले असते तर ते गुदमरले असते, त्यांनाही हवा लागते.’ डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी कोणी रस्ताभर झाकण धरून बसते, हे मी तोवर पाहिले नव्हते. बाकी सारे शिकता येते. ही काळजी कुठून येते, हे मला त्या दिवसापासून उमजत गेले.

काकूंनी नंतर सांगितले, की 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होते, तेव्हा शेजारी घागरी घेऊन उभे असताना आपल्या घरात टाकी भरलेली असावी, हे आपल्याला पटेना, आणि आपण मासे परगावच्या मित्राकडे पोचवून टाकी कोरडी केलीत. तो स्पंज त्यानंतर पुन्हा महिनोन्महिने जोपासलेला होता. त्यातला अर्धा आपण आम्हांला दिलात, तोही एका अनोळखी लेकराचे डोळे सुजले म्हणून.

आता आठवड्याला चौथा हिस्साच पाणी बदलतो आणि काढलेले पाणी जास्वंदीला घालतो. आमच्या बोअरचे जड पाणी मॉलींना मानवते, हे आपले म्हणणे खरे ठरले. वाचलेल्या मादीने जोड मिळाल्यावर पिल्ले दिली असून ती आता दीड महिन्याची आहेत.

आपली किटली अजून आमच्याकडेच आहे. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, म्हणून येत्या रविवारी त्यातून चार पिल्ले घेऊन येत आहोत. झाकण अर्धे उघडे ठेवण्याचे काम लेकीने स्वतःकडे घेतले आहे.

आपला कृतज्ञ,
लातूरमधील एक पालक