मखराच्या पेटीतील डीसी जॅकविषयी लेकीस पत्र

केरी, पेडणे, गोवा

चि. बाय हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

यंदाच्या चवथीला मखरामागचे फिरते चक्र आणि भोवतीची दिव्यांची पट्टी चालवण्यासाठी फर्मागुडीच्या वसतिगृहात तू जी पेटी तयार करते आहेस, तिचा आराखडा मी सावकाशीने पाहिला. आर्डुइनो ऊनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड, मोटरचा ड्रायव्हर, पट्टीची उघडझाप करणारा मॉस्फेट हे सारे तू विचारपूर्वक आखले आहेस. मात्र वीज जिथून आत येते तिथे एक रिकामा चौकोन काढून त्यात 'डीसी जॅक', म्हणजे अडाप्टरचा गोल प्लग खोचायची खोबण, एवढेच लिहिले आहेस. त्या चौकोनाविषयी मी आज सविस्तर लिहितो, कारण पेटीच्या या भागाला तुझ्याइतकेच इतरांचेही हात लागणार आहेत. तू आरतीच्या गडबडीत असताना आजी किंवा काका हाताला येईल तो अडाप्टर उचलून त्यात खोचतील, आणि प्लग बसला म्हणजे तो योग्यच असणार असे समजतील. त्यांनी तसे समजणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून चुकीचा अडाप्टर लागला तरी पेटीचे नुकसान होऊ नये, ही जबाबदारी मी लावणाऱ्याची मानत नाही, बनवणाऱ्याची मानतो.

हा जॅक वरून साधा दिसतो, पण त्याच्या आकारावरून आतल्या विजेचा काहीच अंदाज येत नाही. बाजारात सर्वांत जास्त चालणारा प्लग बाहेरून ५.५ मिमी व्यासाचा असतो आणि त्याच्या मधल्या छिद्रात जॅकची २.१ मिमीची पिन जाते. त्याचाच जुळा भाऊ म्हणावा असा ५.५ आणि २.५ मिमीचा प्लगही तितकाच प्रचलित आहे, आणि नुसत्या डोळ्यांना या दोघांतला फरक कळत नाही. २.१ चा प्लग २.५ च्या पिनेवर चढतच नाही, त्यामुळे त्या बाजूने धोका नाही. उलट २.५ चा प्लग २.१ च्या पिनेवर आरामात जातो, सैल बसतो आणि कधी जोडला जातो, कधी सुटतो. दिवे लुकलुकू लागले की माणूस प्रोग्राममध्ये दोष शोधत बसतो आणि दोष मात्र या चार दशांश मिलिमीटरमध्ये असतो. २.५ पिनेचा एक सुटा जॅक आपल्या सामानात ठेव. जो प्लग त्यात शिरत नाही तो २.१ चा, ही ओळख पुरेशी आहे.

जपानच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने यावर एक चांगली तोड काढली होती. व्होल्टेजच्या प्रत्येक पट्ट्यासाठी त्यांनी प्लगचा वेगळा आकार ठरवला: ३.१५ व्होल्टपर्यंत २.३५ मिमी, ६.३ पर्यंत ४ मिमी, १०.५ पर्यंत ४.७५ मिमी, १३.५ पर्यंत ५.५ मिमी आणि १८ व्होल्टपर्यंत ६.५ मिमी, आणि शेवटच्या दोहोंच्या प्लगमध्ये छिद्राऐवजी बारीक पिन. जास्त व्होल्टेजचा प्लग कमी व्होल्टेजच्या यंत्रात बसूच नये, असा त्यामागचा हेतू होता. मला ही पद्धत फार योग्य वाटते. परंतु आपण हौसेच्या कामात जे जॅक वापरतो त्यांना असा काही नियम लागू नाही, आणि ५.५ मिमीच्या एकाच भोकातून ५, ९, १२ किंवा १९ व्होल्ट, काहीही येऊ शकते.

आता आपल्याच घरातली स्थिती पाहा. राउटरचा अडाप्टर १२ व्होल्टचा असून त्याची मधली पिन धन आहे, आणि तुझ्या पेटीला नेमके तेच हवे आहे. ऊनोच्या जॅकलाही मधली पिन धन लागते आणि त्याला ७ ते १२ व्होल्ट द्यावेत अशी शिफारस आहे. पण तुझा मावसभाऊ गिटारच्या पेडलसाठी जो ९ व्होल्टचा अडाप्टर वापरतो त्यात मधली पिन ऋण असते, कारण पेडलांमध्ये बहुधा तीच रीत आहे. भजनाच्या खोलीतल्या जुन्या कॅसिओ कीबोर्डाच्या अडाप्टरचेही तसेच. हे सगळे प्लग तुझ्या जॅकमध्ये सारखेच घट्ट बसतात. उलट्या दिशेने वीज आली तर ऊनोवर जॅकच्या मागेच एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, असल्यामुळे तो बोर्ड वाचेल, दिव्यांची पट्टी नुसती पेटणार नाही, पण मोटरसाठी तू जो व्होल्टेज उतरवणारा एलएम २५९६ चा मोड्यूल घेतला आहेस तो बहुधा कायमचा जाईल, कारण त्यावर उलट जोडणीपासून संरक्षण सहसा दिलेले नसते. याहून वाईट म्हणजे पुष्कळ लॅपटॉपांचे १९ व्होल्टचे अडाप्टर ५.५ आणि २.५ मिमीच्या प्लगचे असतात. तो प्लग वर सांगितल्याप्रमाणे सैल का होईना बसतो, आणि १२ व्होल्टच्या पट्टीला १९ व्होल्ट मिळाले की ती भाजते.

अडाप्टरच्या पाठीवरचे चिन्ह वाचायची सवय तुला आहेच: मध्ये भरीव ठिपका, भोवती अर्धवर्तुळ आणि दोन्ही बाजूंना धन-ऋणाच्या खुणा. सरळ रेघेखाली तीन तुटक रेघा असतील तर डीसी, आणि नागमोडी रेघ असेल तर त्या अडाप्टरमधून एसीच बाहेर येते, हेही पाहत जा. तरीही माझा विश्वास मल्टीमीटरवर अधिक आहे. लाल प्रोबचे टोक प्लगच्या छिद्रात अलगद घाल आणि काळे बाहेरच्या नळीला टेकव. आकड्याआधी वजा आले तर मधली पिन ऋण आहे. हे करताना लाल टोक तिरपे होऊन नळीच्या कडेला लागणार नाही याची काळजी घे. जुन्या, ट्रान्सफॉर्मर असलेल्या वजनदार अडाप्टरवर १२ लिहिलेले असूनही भार नसताना मीटर १६-१७ व्होल्ट दाखवतो, म्हणून तसले अडाप्टर या कामाला घेऊ नकोस. अँपिअरचा आकडा लागतो त्याहून मोठा असला तर चालतो, कारण यंत्र आपल्याला हवी तेवढीच वीज ओढते. व्होल्टचा आकडा मात्र जुळलाच पाहिजे.

आता त्या रिकाम्या चौकोनात काय हवे ते सांगतो. जॅकच्या धन टोकापासून प्रथम ३ अँपिअरचा काचेचा फ्यूज, त्यानंतर मालिकेत १एन ५८२२ हा शॉटकी डायोड, आणि डायोडच्या पुढे धन व ऋण यांच्यामध्ये १५ व्होल्टचा टीव्हीएस डायोड, म्हणजे व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की वीज स्वतःतून वाहू देणारा. हा क्रम महत्त्वाचा आहे. उलटा अडाप्टर लागला तर शॉटकी वीज पुढे जाऊच देत नाही, आणि योग्य अडाप्टर लावताच पेटी पुन्हा चालू होते. १९ व्होल्टचा लागला तर टीव्हीएस सारा प्रवाह स्वतःवर घेतो आणि फ्यूज उडतो. फ्यूज काही रुपयांचा असतो, तो बदलता येतो. शॉटकीवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास पडतील आणि तो थोडा गरम होईल. पट्टीच्या उजेडात त्याने जाणवण्याइतका फरक पडणार नाही, पण बंद पेटीत त्याच्याभोवती हवेला जागा ठेव. साधा १एन ४००७ इथे लावू नकोस. तो १ अँपिअरचाच आहे आणि त्यावर पडणारे व्होल्टेजही जास्त असते.

प्रवाहाचा हिशेब तू आराखड्यात कुठेच मांडलेला दिसला नाही. मीटरला ६० दिव्यांची ३५२८ जातीची पट्टी १२ व्होल्टवर मीटरमागे साधारण ४.८ वॅट, म्हणजे ०.४ अँपिअर घेते, तर ५०५० जातीची तेवढ्याच दिव्यांची पट्टी १४.४ वॅट, म्हणजे १.२ अँपिअर. पाच मीटरची पहिली पट्टी २ अँपिअरमध्ये भागते आणि चांगल्या जॅकला ते झेपते. दुसरी ६ अँपिअर मागते, आणि तेवढा प्रवाह असल्या जॅकमधून न्यावा असे मी कोणालाही सांगणार नाही. तुला तीच पट्टी हवी असेल तर तिचा वीजपुरवठा स्क्रूच्या टर्मिनलवरून वेगळा घे. आणखी एक गोष्ट: पट्टी किंवा मोटर ऊनोच्या व्हीआयएन या वीजपुरवठ्याच्या पिनेवरून चालवू नकोस, कारण तो सगळा प्रवाह बोर्डावरच्या त्या छोट्या डायोडमधून जातो. आपल्या फ्यूजनंतरच फाटे फोड.

बॅटरीबद्दल तू जी युक्ती योजली आहेस ती मला इथे पुरेशी वाटत नाही, आणि त्यावर थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. जॅकला तीन पाय असतात: एक मधल्या पिनेचा, एक बाहेरच्या नळीला टेकणाऱ्या पट्टीचा, आणि तिसरा प्लग नसताना त्या पट्टीला चिकटून असलेला व प्लग शिरताच सुटणारा. बॅटरीचे ऋण टोक या तिसऱ्या पायाला जोडले की प्लग लावताच बॅटरी आपोआप बाजूला होते, हे तू बरोबर ओळखले आहेस. पण हा पाय प्लग आत आहे की नाही एवढेच पाहतो. अडाप्टरमधून वीज येते आहे की नाही याचा त्याला पत्ता नसतो. चवथीच्या पावसात वीज गेली की प्लग जॅकमध्येच राहील, बॅटरी सुटलेलीच राहील आणि तुझे चक्र व ऊनो दोन्ही थांबतील. म्हणून तिसरा पाय मोकळा सोड आणि ऊनो आणि मोटर यांच्याकडे जाणाऱ्या फाट्यावर दोन शॉटकी डायोड लाव, एक अडाप्टरच्या बाजूने आणि दुसरा बॅटरीच्या बाजूने. ज्याचे व्होल्टेज जास्त तो वीज पुरवतो आणि दुसरा आपोआप गप्प राहतो. त्यासाठी बॅटरीचे व्होल्टेज अडाप्टरहून कमीच असायला हवे. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी साडेबाराच्या वर असते, ती अडाप्टर असतानाही रिकामी होत राहील. पुन्हा भरता येणारे आठ एए सेल ९.६ व्होल्टचे होतात, आणि ताजे भरलेले असले तरी बाराच्या आतच राहतात. ते ऊनो आणि चक्राची लहान मोटर सांभाळतील. वीज नसताना पट्टी बंद राहिली तरी हरकत नाही, समई तेवत असतेच.

जॅकचा प्रकार निवडताना बोर्डावर सोल्डर करायचा घेऊ नकोस. त्याचे चपटे, रुंद पाय २.५४ मिमी अंतराच्या छिद्रांत शिरत नाहीत, सोल्डरशिवाय जोडणी करायच्या ब्रेडबोर्डात दाबून घातले तर आतल्या पट्ट्या कायमच्या फाकतात, आणि प्लग दर वेळी ओढला जाताना सगळा ताण तांब्याच्या पातळ चकत्यांवर येतो. पेटीच्या भिंतीला नटाने आवळायचा जॅक घे, आणि पेटी पत्र्याची असेल तर जॅक प्लॅस्टिकच्या अंगाचा असू दे. धातूच्या जॅकचे अंग बाहेरच्या नळीशी जोडलेले असते, त्यामुळे पेडलचा अडाप्टर लागला की अख्खा पत्रा धन टोकाला जोडला जाईल, आणि मग आतली मधल्या पिनेला जोडलेली एखादी उघडी तार पत्र्याला लागली तरी शॉर्ट होईल.

सोल्डर करताना जॅकमध्ये एक रिकामा प्लग घालून ठेव. पायाला जास्त वेळ उष्णता लागली की आतले प्लॅस्टिक मऊ होऊन मधली पिन कलते. प्लग असला तर ती सरळ राहते. आधी पायाला आणि तारेला वेगवेगळे सोल्डर चढव, मग दोन्ही टेकवून क्षणभर आयर्न लाव. उष्णतेने आवळणारी श्रिंक नळी तारेवर अगोदर ओवून ठेव. तार बारीक तारांची, लवचीक, निदान ०.५ चौरस मिमीची असावी.

आपले घर समुद्राला लागून असल्यामुळे एरवी क्वचित उद्भवणारी एक अडचण इथे दरवर्षी येते. खाऱ्या, दमट हवेने जॅकच्या आतली पट्टी काळवंडते आणि सांध्याचा रोध वाढतो. ०.१ ओहम म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण २ अँपिअरला तिथे ०.४ वॅट उष्णता तयार होते, तीही त्या इवल्याशा पट्टीवर. उष्णतेने तिचा ताण कमी होतो, ताण कमी झाला की रोध आणखी वाढतो. पेटी तासभर चालवल्यावर प्लगला हात लावून पाहा. तो कोमट लागला तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ कर, आणि तरीही तसाच लागला तर जॅक बदल. पॉलिशपेपर घासू नकोस, त्याने वरचा मुलामा जातो आणि गंज लवकर धरतो. चवथ झाल्यावर पेटी माळ्यावर टाकताना जॅकमध्ये रबरी टोपण घाल.

आजकाल यूएसबी-सीने हे सगळे प्रश्न सुटतात असे तुझे मित्र म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे. तिथे यंत्र आणि अडाप्टर आधी आपसांत बोलून मगच व्होल्टेज वाढवतात. पण १२ व्होल्ट मागण्यासाठी वेगळा मोड्यूल लागतो आणि प्रत्येक चार्जर १२ देतोच असे नाही. गावात वेळेवर मिळेल असा अडाप्टर अजून गोल प्लगचाच आहे, म्हणून आपण जॅकवरच राहू.

अडाप्टर १२ व्होल्ट ३ अँपिअरचा, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलेलाच घ्यायचा. तो पेटीच्या नावाची चिठ्ठी लावूनच ठेवू, आणि जॅकच्या शेजारी पेटीवर '१२ व्होल्ट, मधली पिन धन' असे आजीला चष्म्याविना वाचता येईल एवढ्या अक्षरांत तू रंगाने लिही. जॅक हाती आल्यावर त्याच्या आट्यांचा व्यास व्हर्निअरने मोजूनच पेटीला भोक पाड, चित्रातल्या मापावर विसंबू नकोस. फ्यूज, दोन्ही प्रकारचे डायोड आणि बॅटरीचा फाटा दाखवून आराखड्याची नवी प्रत मला पाठव. ती पाहून मी शुक्रवारी म्हापशाला जाईन तेव्हा सामान घेऊन येईन.

तुझे,
बाबा